जाधवबाईंची पंगत

आमच्या गावात एका ठराविक वयाची जी माणसं आहेत ना, त्यांना सुरात गाता येत नाही. त्यांच्याहून मोठ्यांना येतं, त्यांच्याहून लहानांना येतं. मधली ही एवढी फळी मात्र सप्ताहात टाळ घेऊन उभी राहिली, की कीर्तनकार आधी पेटीवाल्याकडे बघतात आणि मग आभाळाकडे. बाहेरून आलेल्या बुवांना वाटतं, गावच्या पाण्यात काही दोष असेल. पाण्यात दोष नाही. ही सगळी जाधवबाईंची पोरं आहेत.

जाधवबाईंना गळा नव्हता, भोंगा होता. त्यांचे वडील दौंडला रेल्वेत, कोळशाच्या इंजिनावर फायरमन. घर रुळांना लागून. "इंजनाच्या वर आवाज काढल्याशिवाय आमच्या घरात मीठसुद्धा मागता यायचं नाही," असं त्या सांगत. त्या आवाजात त्या गाणी म्हणत, आणि गाण्याची हौस तर अशी, की हात धुताना गाणं, नाक पुसताना गाणं, चप्पल घालताना गाणं. सगळी त्यांनीच जुळवलेली. चाल एकच, तीही रोज वेगळ्या ठिकाणी वळायची. बालवाडीतलं साडेतीन वर्षांचं पोर जे ऐकेल तेच खरं धरतं. म्हणून आमची आख्खी पिढी अशी निघाली.

मला हसायचा अधिकार नाही म्हणा. मी स्वतः मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेली. पण शिरूर तालुक्यातल्या त्या गावात मला 'शिकलेली सून' म्हणत, आणि मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

दुष्काळ सरून पहिलं बरं पीक हाती आलं, त्या साली गावात बालवाडी आली. जागा मिळाली सोसायटीच्या गोदामात. आदल्या वर्षापर्यंत तिथं खताची पोती होती. बाईंनी जमीन खरवडली, सारवली, भिंतींना चुना दिला, तरी वास काही जाईना. पोरं घरी आली की त्यांच्या डोक्याला खताचा वास यायचा. आमचे सासरे, म्हणजे आबा, म्हणायचे, "बेस झालं. पोरं जोमात येतील."

गोदामाची किल्ली आबांकडे असायची. आबा ग्रामपंचायतीत मेंबर होते, आणि गावात कोण कुठून आलं हे नक्की केल्याशिवाय ते कुणाला पाणीसुद्धा विचारत नसत. बाई शिरूरहून एस्टीनं आल्या, तिथं भावाकडे राहायच्या. थेट आमच्या ओट्यापुढे येऊन उभ्या. उंच, काटकुळ्या, निळ्या काठाची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ पण तबकडी आतल्या बाजूला. खांद्याला कापडी पिशवी, ती खुळखुळ वाजत होती.

"नाव काय म्हनलात?"

"जाधव."

"कुठले जाधव?"

"दौंडचे."

"ते झालं वो. पन कुठले?"

"रेल्वेतले," बाई म्हणाल्या.

आता आबांच्या लेखी रेल्वे म्हणजे सरकार. त्यांनी किल्ली दिली. मी दाराआडून बघत होते. त्या घरात मी बरंचसं आयुष्य दाराआडून बघितलंय. ती माझी ठरलेली जागा होती.

पिशवीत काय वाजत होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. चिंचोके, कवड्या, दोऱ्याची रिकामी रिळं, गारगोट्या, बाभळीच्या वाळल्या शेंगा. एवढ्यावर बाईंची शाळा चालायची. त्या पोरांशी कधी उभ्यानं बोलल्या नाहीत. पोर समोर आलं, की झटकन गुडघ्यावर बसायच्या, पोराच्या डोळ्याला डोळा येईल अशा. त्यामुळे त्यांच्या साड्या गुडघ्यावर विरून गेलेल्या आणि बाकीच्या कोऱ्या करकरीत. आणि पोरांना अहो-जाहो करायच्या. "या गणपतराव. नाक वाहतंय. पुसायचं कुणी, तुम्ही का मी?" गणपत हा गावच्या लोहाराचा शेंबडा पोरगा. जन्मल्यापासून त्याला 'ए मुडद्या' सोडून दुसरी हाक माहीत नव्हती. तो चार दिवस नुसता मागं वळून बघायचा, गणपतराव कोण आलेत म्हणून.

पोरं घरी जाऊनही तेच करायला लागली. तीन वर्षांचं पोर आपल्या बापाला म्हणायचं, "तुम्ही पाय धुतले का?" बाप भांबावून धुवायचाच.

गावाची तक्रार वेगळीच होती. महिना होऊन गेला तरी पोरांना 'अ' येईना. पोरं चिंचोके रांगेत लावायची, मातीची बैलं करायची, ज्वारी-मटकी एकत्र केलेली निवडायची. एकदा आबा गोदामाच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, माती खेळायला पगारी मानूस कशाला? आमची म्हसबी खेळती की मातीत."

"म्हशीला उद्या पेन्सिल धरायची नाही आबा," बाई आतून ओरडल्या. ओरडल्या म्हणजे साध्या बोलल्या. "ह्यांना धरायचीय. आधी बोटं कामाला लागू देत. अक्षरं कुठं पळून जात नाहीत."

आबांनी ते ऐकून घेतलं, कारण त्यांचंच एक काम बाईंकडे अडलेलं होतं. ते काम म्हणजे माझी सुलू.

सुलूच्या आधी मला एक मुलगा झाला होता. वर्षाचा असताना गोवर आला आणि तो गेला. सुलू झाल्यावर आबांनी तिला जे उचललं ते खाली ठेवलंच नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आबा, आमचे हे, मी. ह्यांचं सगळं लक्ष कांद्यात आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात. सुलू आबांच्या खांद्यावर जागी व्हायची आणि आबांच्या मांडीवर झोपायची. जेवायची ती आबांच्या हातून, आणि तेही एकाच वाटीत. सासूबाईंच्या लग्नातली पितळी वाटी, त्यांचं नाव घातलेली.

हे सगळं चाललं असतं. पण सुलू बोलायची नाही. म्हणजे मुकी नव्हती. बोलायची, पण फक्त आबांच्या कानात. काही हवं असलं की आबांच्या मानेला मिठी मारायची, कानाशी कुजबुजायची, आणि मग आबा मोठ्यानं सांगायचे, "सुलू म्हनती, दूध नको." "सुलू म्हनती, आईला सांगा वेणी घाल." मी तिची आई, दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि माझ्या लेकीचा निरोप मला आबांमार्फत! साडेतीन वर्षांत तिनं मला 'आई' अशी हाक मारलेली माझ्या कानांनी ऐकली नव्हती. शिरूरच्या डॉक्टरांनी घसा बघितला, जीभ बघितली, कान बघितले. म्हणाले, सगळं ठीक आहे, हिला चार पोरांत सोडा. आणि जाताना म्हणाले, फार उशीर नका करू. ते शेवटचं वाक्य घशात काटा अडकावा तसं मला अडकून राहिलं. आबा वरवर म्हणायचे, "बोलंल, काय घाई हाय?" पण सुलू झोपली की तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

आबा तिला खांद्यावर घालून बालवाडीत घेऊन गेले आणि तिथंच बसले. एका पोत्यावर आबा, आबांच्या मांडीवर सुलू. बाईंनी सुलूकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. आबा चिडून घरी आले. "बाईला काय मानूसकी हाय का न्हाई! आमच्या पोरीकडं ढुंकून बघत न्हाई."

पुढं एकदा बाईंनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणलं आणि आबांना म्हणाल्या, "आबा, बसलाच आहात तर एवढ्या शेंगा फोडून द्या. मला एकटीला उरकत नाही." आणि सूप सरळ आबांच्या मांडीवर ठेवलं. आता मांडी एक. तिथं सूप तरी राहील नाहीतर सुलू तरी. सुलू खाली उतरली. शेंगा बघून सगळी पोरं आबांभोवती गोळा झाली, आणि त्या गर्दीत सुलूही एक होऊन शेंगा फोडायला लागली. बाई लांबून म्हणाल्या, "आबा, उद्यापासून नाही आलात तरी चालेल. खूप मदत झाली."

आबांना आपण हाकलले गेलो हे कळायला घरापर्यंतचा रस्ता लागला.

सुलू जायला लागली. रडली नाही, खेळलीसुद्धा. पण बोलणं नाहीच. मला वाटायचं, बाईंनी तिला जरा दटावावं, बोल म्हणावं. मी एकदा धीर करून म्हणालेही. बाई म्हणाल्या, "तिला बोलायला लावलं की ती बोलेल. पण ते माझं बोलणं होईल, तिचं नाही." सुलू कधीकधी बाईंच्या कानाशी जायची, काहीतरी सांगायची. बाई ऐकायच्या, मान हलवायच्या आणि गप्प राहायच्या. आबांसारखं कधी मोठ्यानं सांगितलं नाही. "त्यांची गोष्ट आहे," म्हणायच्या, "सांगायची तर त्या सांगतील."

दुपारी पोरांना सरकारी गोड पिठाची सुकडी मिळायची. दुष्काळात गावानं ती सुकडी इतकी खाल्ली होती की मोठ्यांना नाव काढलं तरी मळमळायचं, पण पोरं चाटूनपुसून खायची. त्या पंगतीचे बाईंचे कायदे होते. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. आणि वाढून झालं, की प्रत्येकानं शेजारच्याला विचारायचं, "तुम्हाला मिळालं का?" शेजाऱ्यानं नुसतं 'हो' म्हणून भागत नसे, वाटी दाखवायची. मग त्यानं पुढच्याला विचारायचं. असं गोल फिरून शेवटी पोरं बाईंना विचारायची आणि बाई आपली वाटी दाखवायच्या. सुलूची पाळी आली की ती शेजारच्याच्या वाटीकडे नुसतं बोट करायची. बाईंना तेवढं पुरायचं. "विचारलं त्यांनी. चला पुढे."

दुसरा कायदा वाट्यांचा. प्रत्येक पोर घरून वाटी आणायचं. आपल्याकडे भांडं म्हटलं की त्याच्यावर नाव असायचंच. बाई सगळ्या वाट्या एका घमेल्यात टाकायच्या, एकत्र धुवायच्या, आणि हाताला येईल ती ज्याला त्याला. सुलूनं पहिले दोन दिवस आपली वाटी दुसऱ्याच्या हातात बघून ओठ काढले. तिसऱ्या दिवशी विसरली. घरी जाताना पोरं हाताला येईल ती वाटी उचलायची. बहुतेक वेळा सासूबाईंची वाटी सुलूबरोबर यायची, कारण तीच तिला ओळखीची. पण कधी लोहाराची यायची, कधी सुताराची. मी गुपचूप पदराखाली घालून विहिरीवर अदलाबदल करून आणायची. स्वतःला फार हुशार समजायची.

एक दिवस मी विहिरीवरच होते, तेवढ्यात सुलू घरी आली. आबांनी न बघताच तिच्या हातातली पितळी वाटी घेतली, तीत दहीभात कालवला, तिला भरवला, उरलेला आपण खाल्ला, आणि सवयीप्रमाणे बोटानं वाटी निपटली. दह्याखालून अक्षरं वर आली. आबा वाचायला फारसे शिकलेले नव्हते. जे दिसेल ते मोठ्यानं लावून लावून वाचायचे. मी घागर घेऊन दारात पाऊल टाकते, तो आबांचा आवाज. "सौ... सखु... बाई... भि... वा..."

भिवा आमचा गडी. बौद्धवाड्यातला. आबांच्या बरोबरीनं त्या शेतात राबत आलेला. त्याची ताटली गोठ्याच्या वळचणीला पालथी असायची, आणि मी भाकरी वाढायची ती वरून, हात न लावता. लग्न होऊन आले तेव्हा असंच दाखवलं होतं, तसंच करत होते. सखुबाई त्याची बायको, आणि त्यांचा राजू बालवाडीत सुलूच्या शेजारी बसायचा.

आबांनी वाटी खाली ठेवली. अगदी हळू, फुटेल अशी. आणि म्हणाले, "तुझ्या सासूची वाटी कुठं हाय?"

ती वाटी त्याच क्षणी अंगणात आली. सखुबाई घेऊन आली होती. राखेनं घासून लखलखीत केलेली, धडप्यात गुंडाळलेली. "आबा, पोरानं चोरली न्हाई वो. त्याला कळत न्हाई. घरात दिसली तशी मी चुलीवरचं टाकून पळत आले. आमच्यावर आळ घेऊ नगा."

सखुबाईनं वाटी पायरीवर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. मी घागर कडेवर घेऊन खांबासारखी उभी.

संध्याकाळच्या एस्टीची वाट बघत असलेल्या बाईंना कुणीतरी सांगितलं. त्या एस्टी सोडून आमच्याकडे आल्या.

"बाई, वाट्यांचा हा काय घोळ हाय?"

"घोळ नाही आबा. मी मुद्दाम मिसळते."

"मुद्दाम?"

"पोरांना वाचता येत नाही. जोवर येत नाही तोवर तरी त्यांना सुखानं जेवू द्या की."

आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि पुन्हा तोच प्रश्न, पण या वेळी सावकाश. "तुमी कुठले जाधव?"

"बौद्ध," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी सरळ विचारलं असतंत तर सरळ सांगितलं असतं."

तो एकच प्रसंग असा, की बाई हळू आवाजात बोलल्या. मग त्या सखुबाईकडे वळल्या. "सखुबाई, ह्यात चूक माझी झाली. मी सगळ्या घरी आधी सांगायला पाहिजे होतं. माझ्या न सांगण्यामुळं तुम्हाला असं पळत यावं लागलं. मी उद्या घरोघरी सांगेन." आणि आबांना म्हणाल्या, "पण आबा, मिसळायच्या थांबणार नाही. आता सांगून मिसळीन, एवढंच."

"मंग आमची पोर येनार न्हाई," आबा म्हणाले.

सुलू आबांच्या मांडीवर बसून दोघांकडे बघत होती. बाई तिच्यापुढे गुडघ्यावर बसल्या. "येते हं सुलाबाई," म्हणाल्या आणि गेल्या. एस्टी निघून गेली होती. त्या रात्री त्या सखुबाईकडेच राहिल्या असं नंतर कळलं.

आबांनी पोर काढली म्हणून आमच्या भावकीतल्या आणखी चार घरांनी काढली. कुणाला काही विचारलं तर म्हणायचे, "आबांनी काढली ना, मंग." बालवाडी ओस पडत चालली, अशी राहिली तर ती दुसऱ्या गावाला हलवणार असं बोलणं यायला लागलं. बाई रोज यायच्या. गोदामातून तो भोंगा ऐकू यायचा. सुलू ओट्यावर बसून त्या बाजूला कान करायची, पण आबांच्या कानात बालवाडीचा शब्द काढायची नाही. पुन्हा खांद्यावर, पुन्हा मांडीवर, पुन्हा एकच वाटी. मला डॉक्टरांचं ते वाक्य चुलीपुढे, विहिरीवर, कुठंही आठवायचं. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी आबांना सांगा. हे म्हणाले, "कांदा एवढा निघू दे." आमच्या ह्यांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट कांदा निघेपर्यंत थांबू शकते.

कांदा काढायला आला. सगळे मळ्यातच जेवायचो. लिंबाखाली आबा, हे आणि सुलू. पलीकडे बांधाच्या उताराला भिवा, सखुबाई आणि काढणीला आलेल्या बाया. मी वाढायला. माझं जेवण नेहमीसारखं सगळ्यांचं झाल्यावर, टोपल्यात उरेल ते.

त्या दिवशी मी सगळ्यांना वाढलं. आबांनी भाकरी मोडली, सुलूसाठी पहिला घास केला, तिच्या तोंडाजवळ नेला. सुलूनं तोंड फिरवलं. आबांनी पुन्हा नेला. तिनं पुन्हा फिरवलं. आबांनी कान पुढं केला, काय हवं ते सांग म्हणून. तिनं कानाकडे बघितलं आणि मांडीवरून उतरली.

दुडुदुडु चालत ती उताराला गेली. भिवापुढे जाऊन उभी राहिली. आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, सुरात तर नाहीच, थेट जाधवबाईंच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला मिळालं का?"

भिवाच्या हातातला कांदा हातातच राहिला. त्यानं लांब आबांकडे बघितलं. आबा हातात घास धरून बसलेले. भिवा कसाबसा म्हणाला, "मिळालं सुलूताई."

"दाखवा."

त्यानं ताटली पुढं केली. तिनं वाकून बघितली, मान हलवली. "सखूमावशी, तुम्हाला?" सखुबाईनं हसत फडक्यावरची भाकरी दाखवली. सुलू एकेकीला विचारत चालली. कांदा काढणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि आपापली भाकरी वर करून दाखवत होत्या. मग ती तिच्या बापाकडे आली. ह्यांनी न विचारताच ताटली दाखवली. मग माझ्याकडे.

"आई, तुम्हाला मिळालं का?"

आता बघा, मी त्या घरात सून म्हणून आल्याला किती तरी वर्षं झाली होती. हा प्रश्न मला कुणीही कधी विचारला नव्हता. आणि ती 'आई' म्हणाली होती. घरातली मुकी आता मी झाले. कशीबशी म्हणाले, "मिळालं गं."

"दाखवा."

काय दाखवू? माझ्यापुढे ताटलीच नव्हती. ती उभी राहिली. जाधवबाईंच्या कायद्यात फट नव्हती. एकाला जरी मिळालं नसलं तरी कुणी घास उचलायचा नाही. हे हळूच म्हणाले, "घे की गं वाढून, पोर उपाशी हाय." मी आबांपुढे कधी जेवायला बसले नव्हते. आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "बस."

मी ताटली घेतली, भाकरी घेतली, तिला दाखवली. मग ती आबांकडे गेली. मला वाटलं, आता कानाशी जाईल. नाही गेली. समोर उभी राहिली, डोळ्याला डोळा. "आबा, तुम्हाला मिळालं का?"

"मिळालं माझे बाई," आबा म्हणाले. "लई मिळालं." आणि उपरण्यानं तोंड पुसलं, अजून एक घासही खाल्लेला नसताना.

तिनं आपल्या हातानं भाकरी मोडली.

माझी पहिली भावना काय झाली सांगू? आनंद वगैरे नंतर. आधी अंगातला सगळा ताण एकदम सुटला, डोक्यावरून हंडा उतरवल्यावर सुटतो तसा. मी तिथंच ढेकळांत फतकल मारून पोटभर जेवले. आबांपुढे. तीन भाकऱ्या.

परत निघताना आबा ह्यांना म्हणाले, "माझी नोकरी गेली म्हनायची." आणि थोड्या वेळानं मला, "उद्या पोरीला धाड." मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मीच नेतो."

दुसऱ्या दिवशी आबा, सुलू आणि सासूबाईंची वाटी, असे तिघं गोदामात गेले. मी मागोमाग, काहीतरी निमित्त काढून. बाईंनी वर बघितलं. मला वाटलं, आता काही बोलतील, निदान डोळ्यांत तरी 'बघा, आलात ना' असं दिसेल. बाई म्हणाल्या, "आबा, चपला बाहेर."

आबांनी काढल्या. वाटी पुढं केली. "ही मिसळनार का?"

"मिसळणार."

"मिसळा," आबा म्हणाले. "मी जेवताना चष्मा लावत न्हाई."

आबा आले म्हणून ती चार घरंही आली. गेली होती तशीच, कारण न विचारता. गाव त्या दिवसापासून बदललं वगैरे काही सांगणार नाही. तसं होत नसतं. मी भिवाला भाकरी हातात द्यायला लागले, एवढं खरं. पहिल्यांदा दिली तेव्हा आबा जवळच उभे होते. त्यांनी कांद्याच्या ढिगाकडे बघितलं आणि यंदा फुलाचे दांडे आलेले डेंगळे कांदे फार झाले म्हणाले.

बाई आमच्याकडे आणखी दोन-तीन वर्षं होत्या. मग त्यांची बदली झाली. निरोप द्यायला पोरांनी बाईंचंच गाणं म्हटलं, आणि गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती चार दिवस परत आली नाहीत.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी आणि सुलू माझ्या माहेरी कुर्डुवाडीला निघालो होतो, दौंडच्या फलाटावर गाडीची वाट बघत. समोर मनमाडकडे जाणारी गाडी उभी. तिच्या खिडकीत बाई. साडी तीच निळ्या काठाची, चष्मा लागलेला. मांडीवर कुणाचं तरी अनोळखी पोर, आणि त्याची आई शेजारी बिनघोर डुलक्या घेत होती. मी धावले. एवढ्या दिवसांत मनात कितीदा जुळवलं होतं, बाई भेटल्या तर काय म्हणायचं. मॅट्रिक नापास असले तरी वाक्य चांगलं केलं होतं मी.

पण सुलू माझ्या आधी खिडकीशी पोचली. तिसरीत होती. तिनं सुरुवात केली ती आबांच्या गुडघ्यापासून. मग गाभण म्हैस, मग गणपतचा पडलेला दात, मग राजू पहिला आला आणि ती दुसरी आली ते कसं चुकीचं होतं, मग शाळेतले गुरुजी, गुरुजींची सायकल, सायकलची घंटा. बाईंनी खिडकीच्या गजांना कपाळ टेकवलं, तिच्या डोळ्यांपाशी डोळे आणले आणि ऐकत राहिल्या. मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा सुलू म्हणाली, "थांब गं आई, मी सांगतीय ना."

शिट्टी झाली. गाडी हलली. सुलू खिडकीबरोबर चालायला लागली, मी तिचा हात धरून. बाई गजाआडून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. इंजिनाच्या वरचा त्यांचा तो आवाज, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. सुलूचं अजून संपलं नव्हतं.